चुलीचा धूर, जळण आणि कॉफी : निपाणीच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

चुलीवरच्या स्वयंपाकाबद्दल आणि कॉफीबद्दल मी लिहिलेलं वाचून तुम्ही रागावलात. तुमचं म्हणणं असं, की ज्यांच्या घरी सिलिंडर आहे त्यांनी चुलीचं कौतुक सांगू नये. तुमच्या आईची छाती फुंकणी फुंकून गेली. जंगल आधीच कमी होतंय. आणि चुलीवरच्या कॉफीला धुराच्या वासापलीकडं चव नसते.

आईबद्दलच्या ओळी मी परत परत वाचल्या. त्यावर वाद नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या स्वयंपाकाच्या धुरानं जगभरात ३२ लाख माणसं गेली. बिनधुराड्याच्या कोंदट खोलीतली चूल वाईटच. तुमच्या आईंना अजून चुलीपुढं बसावं लागत असेल, तर आधी ते थांबवा. त्यांच्यासाठी गॅसच बरा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की धूर म्हणजे न जळलेलं लाकूड, आणि तो बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. ते चुलीत घातलं की आधी चरचरतं, टोकाला फेस येतो, विस्तवाची सगळी ताकद पाणी उडवण्यात जाते आणि मग घरभर धूर होतो. आमच्या खानापुराकडं पाऊस कसा पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आम्ही दिवाळीनंतर जळण फोडतो, मनगटाएवढं बारीक करतो आणि मृगाच्या आत पडवीत आडवं-उभं, मधून वारा खेळेल असं रचून ठेवतो. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघायची. खणखणीत वाजली तर वाळलीत, थप्प आवाज आला तर अजून ओल आहे. ओलं लाकूड मी चुलीत घालत नाही, पाहुणे दारात उभे असले तरी.

दुसरी गोष्ट हवेची. चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरलं की विस्तव गुदमरतो, मग फुंकणी हातात घ्यावी लागते. दोन-तीनच लाकडं, खाली राख साठू द्यायची नाही, आणि वर धुराडं. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्रा’ हा विभाग निघाला. तिथल्या लोकांनी पुढं ‘अस्त्रा ओले’ नावाची चूल तयार केली (कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल). बंदिस्त जाळपेटी, खाली जाळी, एकाच विस्तवावर ओळीनं भांडी, शेवटी धुराडं. कमी लाकडात जास्त ऊब भांड्याला लागावी हाच त्यामागचा हिशोब. आमची चूल गवंड्याकडनं त्याच धर्तीवर बांधून घेतली आहे. धुराडं मात्र झाडावं लागतं. काजळी साठली की ओढ संपते आणि धूर परत स्वयंपाकघरात येतो. सरकारी सुधारित चुली अनेक घरांत मोडीत निघाल्या त्याला हेही एक कारण होतं.

आता स्वयंपाक. चुलीवर कामाचा क्रम विस्तव ठरवतो. पहिली ज्वाळ आधणाला आणि भाताला. मग तवा. भाकरी तव्यावरनं उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी धरली की टम्म फुगते, कडा खरपूस होतात. गॅसच्या ज्वाळेवर ती चटकन करपते, कारण निखाऱ्याची धग तिथं नसते. तोवर मागच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या जोडतोंडावर, आमटी आपली आपण शिजते. भाकऱ्या झाल्या की ज्वाळ संपलेली असते आणि लाल निखारे उरतात. कॉफी करायची ती तेव्हाच.

धुराच्या वासाबद्दल तुम्ही लिहिलंत ते उघड्या भांड्यातल्या दुधाला तंतोतंत लागू आहे. दूध धूर लगेच ओढतं आणि एकदा धुरकटलं की साखरेनंही लपत नाही. म्हणून दूध निखाऱ्यांवर, झाकण ठेवून. पातेल्याच्या बुडाला बाहेरून कालवलेल्या राखेचा लेप दिला की काजळीही धरत नाही. आणि डिकॉक्शनचा, म्हणजे फिल्टरमधून थेंबथेंब उतरणाऱ्या कॉफीच्या अर्काचा, चुलीशी संबंध पाणी उकळण्यापुरताच. पितळी फिल्टरच्या वरच्या खणात पूड घालायची, हलक्या हातानं दाबायची, चकती ठेवायची. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं इथं पाणी शंभराच्या आतच, ९७-९८ अंशांना उकळतं. उतरवून मिनिटभर थांबलात की ते कॉफीला बरोबर होतं. उकळी फुटल्या फुटल्या ओतलंत तर कडवटपणा येतो. मग फिल्टर चुलीपासून लांब, झाकून ठेवायचा आणि भाकऱ्या होईपर्यंत विसरायचं. चिकमगळूर-कोडगूकडची पूड आम्ही चिकोरी कमी घालून आणतो. चिकोरी म्हणजे एका झाडाच्या मुळांची भाजलेली पूड; तिनं रंग आणि दाटपणा येतो, पण जास्त झाली की कॉफीचा वास दबतो.

जंगलाबद्दल. भीमगड अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे, त्याची काळजी आम्हालाही आहे. आमचं जळण बांधावरच्या झाडांच्या छाटणीचं. ज्याला विकत किंवा रानातनंच आणावं लागतं, त्यानं रोजचा स्वयंपाक चुलीवर करावा असं मी म्हणणार नाही. २०१६ पासून उज्ज्वलाचे सिलिंडर गावोगाव आले ते चांगलंच झालं. आमच्याकडंही घाईचा सकाळचा चहा गॅसवरच होतो.

राहिली तुमची सगळ्यात खरी तक्रार, की कौतुक घरच्यांनी करायचं आणि डोळे बाईनं चोळायचे. याला माझ्याकडं एकच उत्तर आहे. आमच्या घरात लाकूड फोडणं, रचणं, राख काढणं आणि धुराडं झाडणं मुलगा आणि त्याचे वडील करतात. ते ज्या आठवड्यात करत नाहीत, त्या आठवड्यात चूल पेटत नाही. हे मी घरी स्पष्ट सांगितलंय आणि कुणाला त्यात जड जात नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, चार माणसांना पूड किती. चार मोठे चमचे, त्यावर दीड कप गरम पाणी. डिकॉक्शन दाट उतरलं तर एक भागाला तीन भाग दूध घाला, पातळ वाटलं तर दोन. साखर ज्याची त्यानं घ्यावी.