श्रीलंका युरिया बंद करून सावरली नाही, आप्पा

परवा रात्री साडेदहाला निफाडहून आप्पांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा फोन. "ते श्रीलंकेचं वाचलं का रे? मी ठरवलंय, यंदा बागेला रासायनिक खताचा दाणा नाही घालायचा, आणि सोसायटीच्या पीककर्जाचं पण नंतर बघू." मग तो मेसेज पाठवला. माझ्याकडे तो आधीच तीन ग्रुपवर आलेला, मी न वाचता सोडून दिलेला, चूक झाली. आता तो दोन एकर द्राक्षावर येऊन पडलाय म्हणून बसून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: श्रीलंका फक्त चीनच्या कर्जाने बुडाली, मग तिने परकीय कर्ज फेडायला साफ नकार दिला आणि ते माफ झालं, आयएमएफला (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी संस्था) हाकललं, रासायनिक खत बंद करून डॉलर वाचवले आणि दोन वर्षांत उभी राहिली. शेवटी ठळक अक्षरात, "देश कर्ज बुडवून उभा राहतो तर शेतकऱ्याने का फेडायचं?"

खताचंच आधी घेतो, कारण बाकीच्याने डोकं खराब होतं पण याने बाग जाईल.

श्रीलंकेने रासायनिक खत आणि फवारणीच्या औषधांची आयात बंद केली ती मे २०२१ मध्ये. दिवाळखोरी जाहीर झाली एप्रिल २०२२ मध्ये. म्हणजे ज्याला हे लोक औषध म्हणतायत ते आजार वाढण्याच्या आधी दिलेलं आहे, तारखा तरी बघा रे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या २०१९ च्या निवडणूक जाहीरनाम्यात सेंद्रियकडे जायला दहा वर्षं धरली होती. डॉलर आटायला लागले तेव्हा तेच काम एका फटक्यात करायला घेतलं. भातवाल्याला, चहावाल्याला ना शेणखत पुरेसं ना कंपोस्ट. सेंद्रिय खतसुद्धा बाहेरून मागवायची वेळ आली, चीनहून २० हजार टनांचं जहाज निघालं, नमुन्यात घातक जिवाणू सापडले म्हणून माल नाकारला आणि तरी शेवटी ६७ लाख डॉलर भरावे लागले. जो देश भातात स्वतःपुरता पिकवत होता तो तांदूळ आयात करायला लागला, चहाचं उत्पादन पडलं, आणि चहा म्हणजे तर त्यांचे रोकडे डॉलर. नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे सात महिन्यांच्या आत, सरकारने स्वतःच बंदी उठवली. नुकसान झालेल्या भात शेतकऱ्यांना भरपाई द्यावी लागली ती वेगळीच. आणि जुलै २०२२ मध्ये, सगळ्यात वाईट दिवसांत, कोलंबोला काय उतरलं माहितीये? भारताने उधारीवर दिलेला ४४ हजार टन युरिया. ती सावरली ती युरिया परत आणून, बंद करून नाही.

सेंद्रियमध्ये तथ्य नाही असं मी म्हणत नाहीये. जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढला तर पाणी धरून राहतं, खत कमी लागतं, हे आप्पा तुम्हीच मला शिकवलंय. पण ते वर्षानुवर्षांचं काम आहे, ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर एका मेसेजवरून करायचं नाही.

आता कर्ज "माफ" झाल्याचं. हप्ते थांबवले हे खरं, १२ एप्रिल २०२२ ला जाहीर केलं, कारण वापरता येतील असे डॉलर संपत आले होते. ती हिंमत नव्हती, नाइलाज होता. त्यानंतर दोन वर्षं कर्ज देणाऱ्यांच्या मागे फिरून जून २०२४ मध्ये भारत, जपान, फ्रान्स वगैरे देशांशी करार झाला, त्यात मुद्दल माफ नाही, मुदत वाढली, व्याज कमी झालं, मुद्दलाचे हप्ते २०२८ पासून २०४३ पर्यंत. परदेशी बाँडवाल्यांनी, म्हणजे श्रीलंकेचे डॉलरमधले कर्जरोखे घेतलेल्या गुंतवणूकदारांनी, थोडं मुद्दल सोडलं, ते डिसेंबर २०२४ मध्ये. आणि मधल्या काळात किंमत कोणी मोजली? सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई ७० टक्क्यांच्या आसपास. पेट्रोल क्यूआर कोडवर, आठवड्याला ठरलेले लिटर. ऑगस्ट २०२२ मध्ये वीज सरासरी ७५ टक्क्यांनी महाग आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा ६६ टक्क्यांनी. व्हॅट ८ वरून वाढत वाढत १८ वर. कामगारांच्या पीएफचे पैसे सरकारी रोख्यांत होते, त्यांच्यावरचं व्याज कमी करून मुदत लांबवली, म्हणजे कर्ज बुडवलं त्याचा भार नोकरी करून म्हातारपणासाठी साठवणाऱ्या माणसावर गेला. वर्ल्ड बँकेच्या आकड्यांत गरिबी जवळपास दुप्पट झाली, चारातला एक माणूस गरीब. ही गोष्ट आपल्याकडे "बघा कसं जमवलं" म्हणून फिरवतात याचा मला खरंच राग येतो.

आयएमएफला हाकललं हे तर सरळ खोटं. २० मार्च २०२३ ची आयएमएफची प्रेस नोट त्यांच्या साइटवर आहे, फुकट आहे, कोणीही उघडावी: सुमारे ३ अब्ज डॉलर, चार वर्षांचा कार्यक्रम, आणि मुख्य अटीही त्यातच. टॅक्स वाढवा, वीज-इंधन खर्च भरून निघेल अशाच भावात विका, सेंट्रल बँकेने सरकारसाठी नोटा छापणं थांबवा (तसा कायदा त्यांनी २०२३ मध्ये केला पण), गरिबांना थेट मदत द्या. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले अनुरा कुमारा दिसानायके प्रचारात यातल्या अटींवर टीका करत होते, निवडून आल्यावर त्यांनीही कार्यक्रम मोडला नाही. २०२४ मध्ये वाढ ५ टक्के झाली ती या रस्त्याने, आणि २०२२-२३ मध्ये अर्थव्यवस्था जेवढी आकसली तेवढी त्यातून भरूनही निघाली नाही.

चीनचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. हंबनटोटा बंदर कर्जाने बांधलं, चाललं नाही, २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी भाड्याने गेलं. पण परकीय कर्जात सगळ्यात मोठा वाटा बाजारात विकलेल्या डॉलर बाँडचा होता, चीनचा फार तर पाचवा हिस्सा. त्यावर २०१९ च्या शेवटी व्हॅट १५ चा ८ केला, लगेच कोविडने टुरिझम बंद, तिजोरीत येणार कुठून?

राहिली शेवटची ओळ. आप्पा, देशाला कर्जासाठी वेगळ्या खोलीत बसून बोलणी करता येतात, आयएमएफ मधे पडते, शेजारचा देश चार अब्ज डॉलरचा आधार देतो. तुमचं खातं थकलं की पुढच्या हंगामाचं पीककर्ज अडतं, मग खतासाठी दुकानदाराची उधारी, आणि तो व्याज काय लावतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. हप्ता जमत नसेल तर सोसायटीत जाऊन मुदत वाढवून मागू, मी येतो बरोबर, श्रीलंकेने पण शेवटी तेच केलं.

शनिवारी सकाळी निघतोय. माती तपासायला द्यायची आहे, छाटणीच्या आधी रिपोर्ट हातात पाहिजे. कडेच्या दहा ओळी शेणखतावर धरून बघू, बाकी बागेचा डोस तसाच ठेवा, तोवर दुकानदाराला नाही म्हणू नका.