शिंदीची झाडं आणि सतरा सप्टेंबर

आज मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला गेलो होतो. भाषण नेहमीचंच. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी, मग सरदार पटेल, १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात घुसल्या आणि १७ ला तिथला निजाम शरण आला. टाळ्या. त्याआधीची दहा वर्षं दोन वाक्यांत उरकली. लेकरांना वाटत असेल, मराठवाडा पाच दिवसांत सुटला.

आमचे आजोबा १९४७ च्या शेवटी रात्री कुऱ्हाड घेऊन ओढ्याकाठची शिंदीची झाडं तोडायला जायचे. आजी सांगायची, शिंदीचं खोड तंतूतंतूचं, कुऱ्हाड फसून बसते, ओढता निघत नाही. पहाटे घरी आले की हाताला नि दंडाला काटेच काटे. ती कंदिलाच्या उजेडात सुईनं एकेक काढत बसायची आणि बडबडायची, "कुऱ्हाड घरची, झाडं सरकारची, अन् काटे माझ्या नशिबी!"

लहानपणी मला हे काहीतरी किरकोळ वाटायचं. झाड तोडून कुठं राज्य जातं का? पण शिंदीच्या रसाची ताडी होते, आणि दारू-ताडीवरचा कर, म्हणजे आबकारी, ही निजामाच्या तिजोरीतली मोठी आवक. शिंदी पाडली की ती आवक पाडली. करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके मोडायचे, सरकार सक्तीनं घेई ते लेव्हीचं धान्य द्यायचं नाही, वकिलांनी कोर्टात जायचं नाही, हे सगळं त्याच हिशोबातलं. बंदूक नसलेल्या माणसानं राज्याच्या खिशात हात घातला होता.

आणि हे एका रात्रीत सुचलेलं नाही. १९३८ साली संस्थानातली स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, तुकड्या निघायच्या आणि स्वतःहून अटक व्हायच्या. त्याच नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटर कॉलेजच्या वसतिगृहात पोरांनी 'वंदे मातरम्' म्हटलं. मनाई झाली तरी म्हटलं. लोण हैदराबादच्या उस्मानियापर्यंत गेलं, पोरांची नावं कॉलेजातून कमी झाली आणि कितीतरी पोरं शिकायला नागपूरला गेली. एका प्रार्थनेपायी घर सोडून परमुलखात! आज हॉस्टेलची मेस बदलली तरी आपण चिडतो (मीही).

डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्यानं सत्याग्रह थांबवला. आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रह त्याच वेळी चालू होते, त्यामुळं आपल्या लढ्याला धार्मिक रंग चढेल ही भीती होती. पूर्वी मला ही माघार वाटायची. आता वाटतं, आपलं म्हणणं काय आहे हे न विसरण्यासाठी मध्येच थांबायलाही छाती लागते. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थांनी १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात विलीन व्हा म्हणून जो लढा पेटला, तो अशाच माणसांनी पेटवला.

पुढं संस्थानाच्या सरहद्दीवर लढणाऱ्यांच्या कॅम्पांत बंदुका आल्या, त्यांनी उमरीची बँकही लुटली. सगळं अहिंसेचंच होतं असं म्हणणं खोटं. रझाकार गावं जाळत असताना कुणी हत्यार उचललं, तर घरात बसून मी त्याला काय शिकवू? पण बंदूकवाल्यांच्या कथा गावोगाव आहेत, कुऱ्हाडवाल्यांच्या नाहीत.

आजोबा तुरुंगात गेले नाहीत, म्हणून कागद नाही, पेन्शन नाही. वडिलांनी एकदा अर्ज करा म्हटलं, तर म्हणाले, "झाड तोडल्याची पावती कोण देतंय रे?" ती कुऱ्हाड अजून आहे. दांडा तीनदा बदललाय. आई तिनं सरपण फोडते.