गवळण वजा जाता

"तू पुण्यात ब्यांकेत हाईस, तवा तमाशा ठरवायला तूच जा," असं अण्णांनी फर्मावलं आणि मी यात्रा कमिटीत ओढला गेलो. कर्ज नामंजूर करणं आणि तमाशाची सुपारी देणं हा एकच धंदा आहे, अशी गावाची समजूत असावी.

गुढीपाडव्याला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपती पदक मिळवणाऱ्या तमाशासम्राज्ञी विठाबाईंचं हे गाव. प्रत्येक राहुटीत एक टेबल, एक वही आणि वहीमागे एक मॅनेजर. आमची यात्रा चैत्र पौर्णिमेची. त्या दिवशी अर्ध्या महाराष्ट्राचे देव एकदम जागे होतात, त्यामुळे भाव ऐकून माणूस झोपतो.

"तिथी एक दिवस पुढं घेतली तर काही कमी होईल?" मी विचारलं.

"देवाला इचारून या, सायेब."

मग मी माझ्या नोकरीला शोभेल असा प्रश्न टाकला. "गण, गवळण, बतावणी, मग वग. लोक येतात ते वगासाठी, म्हणजे नाटकासाठी. गवळण वजा केली तर किती होतात?"

राहुटीत शांतता पसरली. शेजारच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातली बारीकशी कुजबुज टिपतात. माझा प्रश्न त्यांनीही टिपला असणार. कोपऱ्यात एक किडकिडीत माणूस चहा पीत होता. त्यानं माझ्याकडं नीट पाहून घेतलं. तो फडाचा सोंगाड्या होता, हे मला पौर्णिमेला कळलं.

पूर्ण भावात सुपारी देऊन मी परतलो.

यात्रेच्या दिवशी ट्रक आला, स्टेज उभं राहिलं, माणसांना जेवण आणि आंघोळीचं पाणी पुरवता पुरवता माझी कंबर बसली. हे लोक दसऱ्यापासून रोज नवं गाव गाठतात. मी एका गावात, तेही माझ्याच, आडवा झालो. त्यात छबिना, म्हणजे देवाची पालखी, देवळात परतायला साडेनऊ वाजले, आणि दहाला भोंगा बंद. फौजदारसाहेब पहिल्या रांगेत बसलेले. तमाशा बघायला की घड्याळ बघायला, ते शेवटपर्यंत समजलं नाही.

म्हणजे हातात अर्धा तास. त्यात काय बसलं? गण, गवळण आणि बतावणी. वग गेला दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेळात, म्हणजे हजेरीत, उन्हात.

बतावणीत सोंगाड्या काखेत वही मारून आला. "कोन रं तू?" सरदारानं विचारलं.

"म्या पुन्याचा हिशेबनीस. लगीन ठरवाया आलोय. नवरी वजा केली तर किती व्हत्यात?"

मंडप फुटला. अण्णा तर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. फौजदारसाहेब घड्याळ विसरले आणि दहावर सात मिनिटं झाली तरी बसून राहिले. गावाला माझ्यामुळं झालेला हा एवढाच फायदा, पण तो कुणी खात्यावर धरला नाही.

आता गावात शिरलो की पारावरून हाक येते, "आले का गवळणवजा?" परवा आई दारात टोपलीवालीशी वांग्यांसाठी घासाघीस करत होती. मी मदतीला गेलो, तर ती म्हणाली, "तू आत जा बाबा. ती देठं कापून मागंल म्हणून घाबरलीय."