चाळीस एकरांतून दिसणारी हरणे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात एप्रिल उजाडला तरी रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढिगारे पुरते वितळलेले नसतात. अशाच एका संध्याकाळी शेजाऱ्याच्या आग्रहाखातर मी त्याच्यासोबत उत्तरेकडच्या एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, हरणविषयक सल्लागार समितीच्या बैठकीला गेलो. शेजारी आमच्यासारखाच वॉसॉत राहतो. पण त्याच्या आजोबांनी घेतलेले चाळीस एकर जंगल त्या काउंटीत आहे आणि नोव्हेंबरातले शिकारीचे नऊ दिवस तो तिथल्या लाकडी खोपटात काढतो. सभागृहात घडीच्या लोखंडी खुर्च्या, मागच्या टेबलावर कॉफीचा मोठा थर्मास आणि बहुतेक साठी ओलांडलेली पन्नासेक माणसे. त्यांतला एक जण उठून म्हणाला, की नऊ दिवस मचाणावर बसून आपल्याला दोन माद्या आणि एक पाडस दिसले, तीस वर्षांपूर्वी एवढी हरणे पहिल्या दिवशी न्याहारीच्या आत दिसत, आणि तरीही यंदा माद्या मारण्याचे परवाने वाटणार असाल तर पुढच्या वर्षी परवाने असतील, हरणे नसतील.

मी वर्धा जिल्ह्यातल्या, बोर अभयारण्याच्या कडेच्या एका गावचा. अशा जनावरांबद्दल तक्रार करणारी माणसे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्यांची तक्रार नेमकी उलटी असते. जानेवारीत काकांशी फोनवर बोललो तेव्हा त्यांनी सारा हंगाम एका दमात सांगून टाकला होता: कपाशीला बोंडअळी, हरभऱ्याला रोही (नीलगाय) आणि जागलीला माणूस मिळत नाही. त्यामुळे हातात बंदूक असलेला माणूस ‘हरणे मारू देऊ नका’ म्हणून सरकारशी भांडतो आहे, हे दृश्य मला पहिल्यांदा काहीसे विनोदी वाटले. आता तसे वाटत नाही.

हा वाद समजायला एक साधी गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. कळपाचा आकार नरांवर ठरत नाही, माद्यांवर ठरतो, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून इथला नैसर्गिक संसाधन विभाग शिंगे असलेल्या नरांच्या शिकारीवर फारसा हिशेब करत नाही. त्याचे सगळे गणित ‘बिनशिंगी’ हरणांच्या, म्हणजे माद्या आणि पाडसांच्या कोट्यावर चालते. कोटा वाढवला की कळप आटतो, शून्यावर आणला की वाढतो. शेजाऱ्याच्या आजोबांच्या पिढीत मात्र मादीवर गोळी झाडणे हे जवळजवळ पाप मानले जाई. १९४३ साली या संस्कारावर पहिला मोठा आघात झाला. मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड त्या वर्षी राज्याच्या संवर्धन आयोगावर होते. उत्तरेकडच्या जंगलात हरणे इतकी वाढली होती की हिवाळ्यात खायला न मिळून ती उभ्याउभ्या मरत होती, आणि ती कमी केल्याशिवाय जंगलही वाचणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या हंगामात आधी नर आणि मग माद्या-पाडसे मारण्याची मुभा देण्यात आली आणि सव्वा लाखांहून अधिक हरणे मारली गेली. लोकांनी या हंगामाला ‘४३ चा गुन्हा’ असे नाव दिले. आज संवर्धनाचा आद्य पुरुष म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांना त्यांच्या हयातीत याच राज्यात हरणांचे मारेकरी ठरवले गेले, याची आठवण बैठकीतल्या म्हाताऱ्यांना अजून आहे. ती त्यांना वडिलांकडून मिळाली आहे.

दुसरा आघात २००२ चा. आदल्या नोव्हेंबरात राज्याच्या दक्षिण भागातल्या माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन हरणांत मेंदू पोखरणारा, प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होणारा आणि आजवर इलाज नसलेला रोग सापडला. विभागाने त्या टापूतली हरणे जवळजवळ नाहीशी करायचे ठरवले. कळप आवरण्यासाठी ‘आधी मादी मारा, मग नर मारण्याचा हक्क मिळवा’ हा नियमही १९९६ पासून ठिकठिकाणी लावला जात होता. शिकाऱ्यांचा त्यावर एवढा राग होता की २०११ मध्ये विधिमंडळाने तो कायद्यानेच रद्द केला. रोग मात्र राहिला आणि पसरतच गेला. आज दक्षिण भागात हंगामाच्या काळात रस्त्याकडेला ठेवलेल्या पेट्यांत शिकारी आपल्या हरणाचे मुंडके पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून ठेवून जातात. मानेतल्या लसिका ग्रंथींची तपासणी होते आणि मांस खायचे की फेकायचे ते निकाल आल्यावर ठरते. शेजाऱ्याच्या फ्रीझरमध्ये कागदात गुंडाळलेले, तारीख घातलेले आणि निकालाची वाट पाहत पडलेले मांस मी पाहिले आहे.

या इतिहासामुळे ‘विभागाला हरणे नकोच आहेत’ ही समजूत उत्तरेत पक्की झाली. आकडेही तिला खतपाणी घालतात. २००० साली सगळे हंगाम मिळून राज्यात सहा लाखांहून अधिक हरणे मारली गेली होती. २०२३ च्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामात सुमारे पावणेदोन लाख मारली गेली. त्याच नऊ दिवसांत आदल्या वर्षी दोन लाखांवर मारली गेली होती. घट उत्तरेत जास्त होती आणि आरडाओरडही तिथेच जास्त झाली. कुणी लांडग्यांकडे बोट दाखवले, कुणी २०१४ पासून सर्वांना खुल्या झालेल्या क्रॉसबोच्या, म्हणजे बंदुकीसारखा चाप असलेल्या धनुष्याच्या, हंगामाकडे, कुणी माद्यांच्या परवान्यांकडे. विभागाने बोट दाखवले ते हिवाळ्याकडे. इथे हिवाळ्याच्या कडकपणाचाही हिशेब ठेवतात: डिसेंबर ते एप्रिल या काळात ज्या दिवशी जमिनीवर अठरा इंच किंवा अधिक बर्फ असेल त्या दिवसाचा एक गुण, आणि ज्या दिवशी पारा उणे अठरा सेल्सिअस किंवा त्याखाली गेला त्या दिवसाचा आणखी एक. गुण फार झाले की पाडसे मरतात, माद्या रोडावतात आणि पुढच्या उन्हाळ्यात जन्मणारी पिल्ले अशक्त निपजतात. २०२२-२३ चा हिवाळा उत्तरेत तसाच गेला होता.

माझे मत विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. फरक आहे तो जागेच्या आकाराचा. शेजारी बोलतो तो आपल्या चाळीस एकरांवरून. ते जंगल त्याच्या आजोबांच्या काळी तोडणीनंतर नव्याने फुटलेले, कोवळ्या पॉप्लरचे होते आणि हरणांना तो चारा तोंडाच्या उंचीवर मिळत असे. आज तिथे उंच वाढलेले मेपल आहेत, खाली सावली आहे आणि सावलीत हरणाला खायला फारसे काही नाही. त्याच्या मचाणावरून हरणे दिसत नाहीत हे शंभर टक्के खरे. ती अतिशिकारीनेच संपली हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय पूर्वी शेजारच्या जमिनींवर माणसे हिंडत असल्यामुळे हरणे हलती राहत. आता शिकारीच कमी झाले आहेत, आणि प्रत्येक जण आपापल्या मचाणावर निश्चल बसलेला असताना हरणानेही बसून राहायचे ठरवले तर ते दिसणार कसे? दुसऱ्या बाजूने, विभागाचा आकडा हा संपूर्ण काउंटीचा, मारलेल्या हरणांच्या वय-लिंगावरून मागे जाऊन बांधलेला अंदाज असतो. पूर्वी प्रत्येक हरीण गाडीवर टाकून नोंदणीच्या ठिकाणी, बहुधा एखाद्या बारमध्ये किंवा पेट्रोल पंपावर, न्यावे लागे. कर्मचारी जबडा उघडून दातांवरून वय पाहत आणि भोवती जमलेले दहा जण ते पाहत. २०१५ पासून नोंदणी फोनवरून किंवा संगणकावरून करता येते. सोय झाली, पण सगळ्यांसमोर होणारी मोजणी गेली, आणि तिच्यासोबत थोडा विश्वासही गेला. या एका बाबतीत मी पूर्णपणे म्हाताऱ्यांच्या बाजूचा आहे.

मात्र अतिशिकारीची भीती घालणाऱ्यांचा स्वतःचा हात किती आवरलेला असतो, हेही पाहायला हवे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, केंद्राने लांडग्यांचे संरक्षण काढल्यावर, विस्कॉन्सिनने घाईने लांडग्यांची शिकार खुली केली. राज्याच्या शिकाऱ्यांचा वाटा ११९ लांडग्यांचा ठरला होता. तीन दिवस पूर्ण व्हायच्या आत २१८ मारले गेले आणि हंगाम बंद करावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने लांडग्यांना पुन्हा संरक्षण दिले. एकूण कोटा दोनशेचा होता. त्यातले ८१ लांडगे ओजिब्वे या मूळनिवासी जमातींच्या वाट्याचे होते आणि त्यांनी एकही मारायचे नाही असे ठरवले होते. बैठकीत दबक्या आवाजात ज्यांच्याविषयी ‘ते लोक हवी तेवढी हरणे मारतात’ असे बोलले जाते, ते हेच ओजिब्वे. १८३७ आणि १८४२ च्या करारांनी जमीन देताना त्यांनी शिकारीचा हक्क राखून ठेवला होता आणि १९८३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. त्यांची हरणांची शिकार राज्याच्या एकूण शिकारीपुढे अगदी थोडी असते. हे ऐकताना मला आमच्याकडचे फासेपारधी आठवतात. पिढ्यानपिढ्या फासे लावून जगलेल्या या समाजाला ब्रिटिशांच्या काळातल्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवले गेले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांचा धंदाच बेकायदेशीर झाला. त्यांच्याशी कुणी करार केला नव्हता, त्यामुळे न्यायालयात दाखवायला कागद नव्हता.

आता काकांच्या हरभऱ्याकडे येतो. परदेशात राहणाऱ्याने गावाकडच्यांना उपदेश करणे ही आमची जुनी खोड आहे, म्हणून आधीच सांगतो की महाराष्ट्रात शिकारीचे परवाने सुरू करावेत असे मी म्हणत नाही. इथे माणसे विरळ आहेत आणि जंगल सलग आहे. आमच्या सेलू तालुक्यात दर दोन शेतांनंतर बांधावर कुणीतरी वाकलेले असते. तसेही पिकांचे नुकसान करणारे रोही आणि रानडुकरे वनविभागाच्या परवानगीने मारण्याची तरतूद राज्यात २०१५ पासून आहे. कागद मिळाला तरी बंदूक आणि नेम दोन्ही आणायचे कुठून, हा प्रश्न शेतकऱ्यालाच पडतो. आपल्याकडचा वाद मात्र ‘मारा’ आणि ‘मारू नका’ या दोन टोकांवरच फिरतो. २०१६ मध्ये बिहारात नीलगायी, म्हणजे आपले रोहीच, मारल्या गेल्या तेव्हा एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडले. त्या सगळ्या गदारोळात रोही आहेत किती, हा प्रश्न कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मोजणी आपल्याला नवीन आहे असेही नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा विदर्भातल्या जंगलांत जुनी आहे. मीही कॉलेजात असताना एकदा डास मारत बसलो होतो आणि पहाटेपर्यंत चौदा चितळ, एक अस्वल आणि सहकाऱ्याचे घोरणे एवढी नोंद केली होती. वाघांच्या देशव्यापी गणनेत त्यांच्या भक्ष्याचाही अंदाज घेतला जातो. पण हे सगळे जंगलाच्या हद्दीत. काकांचा रोही जंगलात नसतो. तो नाल्याकाठच्या पळसात दिवस काढतो आणि रात्री हरभऱ्यात उतरतो, आणि त्या पट्ट्यात त्याला मोजायला कुणीच बसत नाही. त्याची नोंद होते ती फक्त नुकसानीच्या पंचनाम्यात, तीही शेतकरी खेटे घालून दमला नाही तर. म्हणजे जनावरांचा आकडा वनविभागाकडे, नुकसानीचा आकडा तहसिलात आणि रात्रभर जागून काढलेला, सगळ्यांत नेमका आकडा काकांच्या डोक्यात. हे तिन्ही आकडे एका टेबलावर कधी येत नाहीत.

विस्कॉन्सिनमध्ये ते टेबल आहे, एवढाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. ते आदर्श आहे असे मुळीच नाही. २०१४ पासून भरणाऱ्या या समित्यांत शिकाऱ्यांचा वरचष्मा असतो, कारण परवान्याचे पैसे तेच भरतात आणि सभागृहात तेच येतात. ज्या जंगलात हरणांनी सीडरची रोपे वर येऊच दिली नाहीत त्या जंगलाच्या वतीने बोलणारा आवाज क्षीण असतो. समितीचा निर्णय शिफारस असतो, अंतिम शब्द राज्याच्या नैसर्गिक संसाधन मंडळाचा. तरीही जीवशास्त्रज्ञाला आपला तक्ता त्या म्हाताऱ्यासमोर उभे राहून समजावून सांगावा लागतो, आणि म्हाताऱ्यालाही दोन माद्या आणि एक पाडस हा आपला पुरावा सगळ्यांसमोर मांडावा लागतो. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीच्या पातळीवर समित्या सांगितल्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवह्याही आहेत. बांधावरचे रोही आणि डुकरे हंगामात चार रात्री गावकऱ्यांनी आणि वनरक्षकाने एकत्र बसून मोजायची आणि तो आकडा त्या नोंदवहीत लिहायचा, तर नवा कायदा लागत नाही.

गेल्या रविवारी काकांना मी त्या बैठकीची हकिकत सांगितली. बंदुका, लांडगे, न्यायालय यांत त्यांना फारसा रस दिसला नाही. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “तिकडं शेतकऱ्याले बसू देतात का त्या मिटिंगीत?”

देतात, मी म्हणालो. शेतीची एक खुर्ची राखून ठेवलेली असते. त्या संध्याकाळी तिच्यावर बसलेल्या माणसाने हरणे आपल्या सोयाबीनचे शेंडे खातात म्हणून माद्यांचे परवाने वाढवून मागितले होते.

“मंग?”

मग मतदान झाले, आणि तो एकटा पडला.