निनावी पोस्ट बंद करा म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात आमच्या फेसबुक ग्रुपमध्ये एकाने जाहीर मागणी केली. ‘निनावी पोस्टची सोय बंद करा. ज्याला बोलायचंय त्याने स्वतःच्या नावाने बोलावं, तोंड लपवून कसलं बोलणं?’ खाली लाइकचा पाऊस. मी तेव्हा गप्प बसले, कारण ॲडमिनने काहीही लिहिलं की ते फर्मान वाटतं. आज इथे, माझ्या भिंतीवर, माझी मी म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू जाण्याचा आजार, झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांचा हा ग्रुप. आम्ही चौघी मिळून तो चालवतो. सुरुवातीची तीन वर्षं निनावी पोस्टची सोय बंदच होती. पोस्ट यायच्या त्या डायपरच्या, रात्रीच्या अटेंडंटच्या, डॉक्टरांच्या पत्त्यांच्या. मधूनच ‘आज बाबांनी मला नावाने हाक मारली’, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. सगळं छान, सगळं सोज्वळ. मला वाटायचं, काय समंजस लोक आहेत आपल्याकडे!

मग सोय सुरू केली. पहिल्याच रात्री तीन पोस्ट आल्या. त्यातली एक साधारण अशी होती: आई दिवसातून चाळीस वेळा तोच प्रश्न विचारते. आज मी तिला ढकललं. ती पडली नाही, पण मी ढकललं.

एवढंच. पुढे प्रश्न नाही, सल्ला मागितलेला नाही.

मंजूर करावी की नको, यावर आम्ही चौघी तासभर फोनवर बोलत होतो. शेवटी केली. सकाळपर्यंत खाली कमेंट्सचा ढीग लागला होता, आणि त्यातल्या कितीतरी चक्क नावानिशी होत्या. ‘मीपण.’ ‘मी जेवणाचं ताट आपटलंय.’ ‘मी बाथरूमचं दार बाहेरून लावून दहा मिनिटं बसले होते.’ तीन वर्षं ही माणसं एकमेकांना हात जोडत होती. पहिलं तोंड उघडायला कुणीतरी बिनचेहऱ्याचं लागलं. ते उघडल्यावर बाकीच्यांना नाव लपवायची गरज उरली नाही.

हे आधी का झालं नाही, याचं उत्तर सोपं आहे. त्याच ग्रुपमध्ये भाऊ आहे, वहिनी आहे, ‘आईला आमच्याकडे का पाठवत नाही’ म्हणणारी आत्या आहे. एरवी आपण माणूस बघून बोलतो. मैत्रिणीशी एक, वरिष्ठांशी एक, नणंदेशी एक. इथे सासर, माहेर, ऑफिस आणि शाळेचा वर्ग एकाच खोलीत बसवलेला. अशा खोलीत आपल्या नावाने माणूस काय बोलेल? हवापाण्याच्या गप्पा आणि सुविचार.

वेब-वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ हिशोब मांडला होता: ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि उरलेला एक जण बहुतेक सगळं लिहितो. आकडे दर ठिकाणी बदलतील, पण कुठलाही ग्रुप चालवणाऱ्याला हा एक जण चेहऱ्यानिशी ओळखीचा असतो. आपण ज्याला ‘ऑनलाइन लोकमत’ म्हणतो ते याचं मत. निनावी सोय सुरू झाल्यावर आमच्याकडे पहिल्यांदा नव्वदांतले लोक बोलले. आणि सोय बंद करा ही मागणी कुणाकडून आली? त्या एकाकडून. योगायोग असेल.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवण्यात अर्थ नाही.

एका बाईंनी नावाने लिहिलं की नाइलाजाने वडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी निनावी पोस्ट आली. त्यात नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण रोख सरळ त्यांच्यावर: आईबापाला टाकून देणाऱ्यांनी इथे येऊन रडू नये. आमच्यातल्या एकीने घाईत मंजूर केली. बाई ग्रुप सोडून गेल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी बहुतेक सभासदांना माहीत नसते. फेसबुक ग्रुपमधली निनावी पोस्ट इतर सभासदांसाठी निनावी असते. ॲडमिनला नाव दिसतं. कंपनीला तर दिसतंच दिसतं. तर मी नाव पाहिलं. ते होते आमच्या ग्रुपमधले एक काका, जे रोज सकाळी नावाने, फोटोसकट, प्रत्येक पोस्टखाली ‘धीर सोडू नका, आम्ही आहोत’ लिहितात.

फोन केला. वाटलं होतं, नाकारतील. ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, मी बायकोला नऊ वर्षं घरी सांभाळतोय. मला कुणी विचारलं, तुम्हाला कसं चाललंय म्हणून?’

आम्ही त्यांना महिनाभर पोस्ट करण्यापासून थांबवलं. नियम म्हणून ते बरोबरच होतं. पण मी अजून ठरवू शकलेले नाही की खरे काका कुठले, सकाळचे की रात्रीचे. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या ऑनलाइन सैलपणावर एक लेख लिहिला होता, ज्याचा दाखला अजून दिला जातो. त्यांचं म्हणणं, पडद्याआड माणसाचा आतला ब्रेक सुटतो आणि त्यातून दोन्ही बाहेर येतं: मोकळेपणाही आणि विखारही. शिवाय ब्रेक सुटायला नाव नसणं हे एकच कारण नाही. समोरचा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, अधिकाराचा माणूस डोळ्यांसमोर नसतो, अशी बरीच कारणं त्यांनी दिली आहेत. पुढे २०१२ मध्ये हैफा विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी जोड्याजोड्यांना चॅटवर वादाचा विषय देऊन पाहिलं. नाव नसण्यापेक्षा डोळ्याला डोळा न भिडणं विखाराला जास्त कारणीभूत ठरतं, असं त्यांना दिसलं. काकांशी फोनवर बोलताना मला हे पटलं. त्या बाई समोर बसल्या असत्या तर काकांनी ते वाक्य उच्चारलंच नसतं, नावाने नाही आणि बिननावानेही नाही.

आणि काकांच्या पोस्टखाली काय झालं ते तर सांगायचंच राहिलं. सहा-सात जणांनी त्या बाईंना आणखी झोडपलं. पूर्ण नाव, आडनाव, प्रोफाइलवर नातवंडाला मांडीवर घेतलेला फोटो. तोंड लपवणं सोडाच, त्यांना तर आपलं तोंड दिसायला हवं होतं. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी एका जर्मन याचिका-संकेतस्थळावरच्या पाच लाखांहून जास्त प्रतिक्रिया तपासल्या होत्या. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आला: नावाने लिहिणारे निनावींपेक्षा जास्त आक्रमक होते. मला याचं नवल वाटलं नाही. आपण काहीतरी वाईट बोलतोय असं वाटतं तेव्हा माणूस नाव झाकतो. आपण समाजाला वळण लावतोय असं वाटलं की तोच माणूस नाव मिरवतो. आणि इंटरनेटवर बहुतेकांना बहुतेक वेळा या दोन्हींतलं दुसरं वाटत असतं.

‘मग सरळ कायदाच करा, ओळखपत्राशिवाय कमेंट नाही’ असं म्हणणारेही आहेत. हे एका देशाने करून पाहिलंय. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खऱ्या ओळखीची पडताळणी सक्तीची केली. २००९ मध्ये व्याप्ती वाढवून रोज एक लाखाहून जास्त लोक येतात अशी संकेतस्थळं त्यात आणली. यूट्यूबने पडताळणी करण्याऐवजी कोरियन आवृत्तीवर व्हिडिओ चढवणं आणि कमेंट करणं हेच बंद करून टाकलं. लोकांनी काय केलं? देश बदलला! म्हणजे सेटिंगमध्ये. दुसरा देश निवडायचा आणि नेहमीसारखं लिहायचं. इतकी सगळी ओळखपत्रांची माहिती संकेतस्थळांकडे साठत गेली आणि २०११ मध्ये ‘नेट’ (Nate) आणि ‘सायवर्ल्ड’ या दोन कोरियन संकेतस्थळांवरून सुमारे साडेतीन कोटी लोकांचा तपशील चोरीला गेला. पाच कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. गूगल प्लस या गूगलच्या सोशल नेटवर्कनेही २०११ मध्ये खऱ्या नावाचा आग्रह धरून सुरुवात केली होती आणि २०१४ मध्ये तो सोडला. ते संकेतस्थळ आता कुणाला आठवतही नाही, तो भाग वेगळा.

याचा अर्थ निनावीपण सगळीकडे चांगलं, असं मी म्हणत नाहीये. आमच्याकडेच मध्यंतरी एकामागून एक निनावी पोस्ट येऊ लागल्या: अमुक काढा सुरू केल्यापासून सासूबाईंची स्मरणशक्ती परत आली. वेगवेगळ्या घरांतल्या वेगवेगळ्या सासूबाई, आणि भाषा शब्दन् शब्द सारखी. मी नावं पाहिली. तीन खाती, तिन्ही नुकतीच उघडलेली, आणि एकाच्या प्रोफाइलवर विक्रीचा नंबर. या प्रकाराला फेसबुकची वाटही बघावी लागली नव्हती. २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर तांत्रिक चुकीने निनावी परीक्षणकर्त्यांची खरी नावं काही काळ दिसू लागली, आणि काही लेखकांनी आपल्याच पुस्तकांना पैकीच्या पैकी तारे देऊन ठेवल्याचं उघड झालं. सामान्य वाचकाचं मत म्हणून लोक जे वाचत होते ते लेखकाचं स्वतःचंच मत निघालं.

काढ्याच्या प्रकरणानंतर आम्ही नियम केला: निनावी दुःख चालेल, निनावी औषध चालणार नाही. तो गमतीत सुचला होता, पण जितका विचार करते तितका तोच मला नीट वाटतो. नाव हवं की नको, हे माणसावरून नाही तर बोलण्यावरून ठरवावं. ‘मी आईला ढकललं’ हे खरं असेल तर त्याची किंमत बोलणारी मोजते: घरात, नात्यात, कदाचित पोलिसांतही. तिला आडोसा द्यावा. ‘या काढ्याने आजार बरा होतो’ हे खोटं असेल तर किंमत ऐकणारा मोजतो. तिथे बोलणाऱ्याने नावानिशी उभं राहावं. दुसऱ्यावर आरोप करायचा असेल तर तेच. काकांची पोस्ट मी आज मंजूर केली नसती. पण त्यांनी निनावी राहून ‘नऊ वर्षं झाली, मला आता बायकोचाच राग येतो’ असं लिहिलं असतं, तर? दोन्हीमागचं दुखणं एकच होतं, हे आता कळतंय.

मधला एक मार्ग असतो, तो आपण विसरूनच गेलो आहोत: टिकणारं टोपणनाव. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात पत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. माणूस सरकारी नोकरीत, आणि लिहीत होता स्वतःच्याच जातीच्या दोषांवर. खरं नाव नव्हतं, पण दर वेळी नाव तेच होतं. त्यामुळे नवं पत्र वाचणाऱ्याला मागच्या पत्रातलं आठवत होतं, चिडून उत्तर लिहायचं तर ते कुणाला हेही माहीत होतं. फेसबुकच्या ‘निनावी सभासद’ला हे जमत नाही. कालचा निनावी आणि आजचा निनावी एकच की दोन, सभासदांना कळायला मार्ग नाही. सगळ्यांचा एकच राखाडी चेहरा, मागचं-पुढचं काही नाही. काल काय बोललो याचं ओझं नसलेला माणूस आज काहीही बोलू शकतो. मला हवी असलेली सोय म्हणजे प्रत्येकाला ग्रुपपुरतं एक टोपणनाव, जे बदलता येणार नाही. ती अशा ग्रुपना मिळाली तर आमची निम्मी डोकेदुखी संपेल. कंपनीला हे सुचत नसेल असं नाही. पण भांडणं जितकी जास्त तितका वेळ लोक तिथे थांबतात, हेही तिला माहीत असणार.

तर सोय बंद होणार नाही. निनावी पोस्ट मंजुरीशिवाय जाणार नाही, औषधाचा सल्ला आणि दुसऱ्यावरचा आरोप निनावी चालणार नाही, आणि ॲडमिनला नाव दिसतं ही सूचना आता नियमांत सगळ्यात वर लिहिली आहे. ती लिहिल्यावर निनावी पोस्ट निम्म्याने कमी झाल्या. हे मला अपेक्षित होतं आणि तरी वाईट वाटलं.

ती सूचना लिहायची वेळ का आली तेही सांगते. एका रात्री दोनच्या सुमारास एक निनावी पोस्ट आली होती. ती इथे सांगणार नाही. सकाळी त्याच बाईंचा मेसेज: ‘ताई, तुम्हाला माझं नाव दिसतं का?’ खोटं बोलता आलं असतं. मी ‘हो’ लिहिलं. पाच मिनिटांत पोस्ट गायब. त्या ग्रुपमध्ये अजून आहेत. कुणाच्या पोस्टखाली नावाने ‘काळजी घ्या’ लिहितात, मी लाइक करते, आणि आम्ही दोघीही त्याबद्दल कधी बोललेलो नाही.