जिंकलो, पण...

आपला संघ हरला की माणूस दुःखी होतो, हे कुणालाही समजतं. संघ जिंकला तरी घरभर सुतकी चेहऱ्यानं फिरणारी बाई बघायची असेल, तर नोव्हेंबरात आमच्याकडे या. आम्ही इंडियानात राहतो, लफायेत गावात. वाबाश नदीच्या पलीकडे वेस्ट लफायेत, तिथं पर्ड्यू विद्यापीठ आणि विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ, बॉयलरमेकर्स. एम.एस. करायला मी कोल्हापुरातून इथं आले, नोकरी लागली, लग्न झालं, नदीच्या अलीकडे घर घेतलं. संघ मात्र पलीकडचाच राहिला.

कोल्हापूरचं मुद्दाम सांगितलं. तालमींच्या फुटबॉलसाठी शाहू स्टेडियमवर घसे फोडणाऱ्यांच्या गल्लीत मी वाढले. त्यामुळे दुसऱ्यांच्या पोरांच्या पायावर, हातावर, गुडघ्यावर आपला रक्तदाब टांगून ठेवायची सवय लहानपणापासूनच आहे. माझा नवरा नाशिकचा. तो क्रिकेट बघतो, तेही भारत जिंकत असेल तरच. अशा समतोल माणसासोबत हंगाम काढणं किती अवघड असतं, ते त्याला कधी कळणार नाही.

कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. सुरुवातीच्या सामन्यांचा एक खास मामला असतो. मोठी विद्यापीठं लहान कॉलेजांना चांगली रक्कम मोजून आपल्या मैदानावर बोलावतात. ते बसनं येतात, हरतात, चेक घेतात आणि परत जातात. त्यांच्या क्रीडा विभागाचं वर्षाचं गणित त्यावर जमतं, आमच्या पोरांचा सराव होतो. व्यवहार म्हणून चोख. चाहत्याची मात्र यात फार पंचाईत होते. चाळीस गुणांनी जिंकलो तर म्हणायचं, ‘समोर होतं कोण?’ पंधरानं जिंकलो तर, ‘यांच्यावर फक्त पंधरा?’ आठनं जिंकलो तर बोलायचंच नाही, भांडी घासायची. सुखानं झोप लागेल असा एकही आकडा नोव्हेंबरात अस्तित्वात नाही. मी शोधलाय.

घटक चाचणीच्या मार्कांवरून बारावीचा निकाल सांगणाऱ्या आत्या सगळ्यांच्याच घरी असतात. आमची बोर्डाची परीक्षा, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांची बाद फेरीची स्पर्धा, मार्चमध्ये. अडुसष्ट संघ, हरला तो घरी. आणि मार्चमध्ये पर्ड्यूनं आम्हाला जे जे दाखवलंय, त्यानंतर नोव्हेंबरात कुणी निश्चिंत राहिला तर तो चाहता नव्हे, पाहुणा.

उदाहरणं हवीत? स्पर्धेच्या प्रत्येक गटात एक ते सोळा मानांकनं असतात, सोळावा सगळ्यात कच्चा. २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्सासनं हरवलं. २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सनं. आता सोळावाच तेवढा राहिला होता, तर २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सननं ६३-५८ असं हरवून तोही हिशेब पूर्ण केला. आमच्याकडे तेव्हा झॅक ईडी होता, सात फूट चार इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. समोर देशातला सगळ्यात बुटका संघ. त्या रात्री नवऱ्यानं सहानुभूतीनं विचारलं, “अगं, पण एवढ्या उंच माणसाकडून चेंडू घेतात कसा?” मी उत्तर दिलं नाही. उत्तर माहीत असतं तर मी आमचे प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्या जागी बसले असते.

आमच्या शेजारी एक निवृत्त काका राहतात. त्यांच्या जखमा जुन्या आहेत. १९६९ मध्ये पर्ड्यू अंतिम सामन्यात पोचलं आणि यूसीएलएकडून ९२-७२ असं हरलं. यूसीएलएचे प्रशिक्षक होते जॉन वुडन, म्हणजे पर्ड्यूचेच माजी खेळाडू. आपलाच पोरगा दुसऱ्याच्या घरी जाऊन आपल्याला हरवतो, हे काकांनी विद्यार्थी असताना पाहिलं आणि तेव्हापासून त्यांचा जगावरचा विश्वास उडाला. पुढचा अंतिम सामना यायला २०२४ उजाडलं. ईडीनं एकट्यानं ३७ गुण केले, आणि आम्ही कनेटिकटकडून ७५-६० असे हरलो. काका दुसऱ्या दिवशी अंगणातली पानं गोळा करत होते. एप्रिलमध्ये. पानं नव्हतीच.

तर हा सगळा इतिहास पाठीशी घेऊन २०२४ चा नोव्हेंबर आला. ईडी मेम्फिसला एनबीएत गेला होता. चार वर्षं आमचा संघ आणि आमचे डोळे दोघांनाही एकच सवय होती: अडचण आली की चेंडू वर फेका, वर तो आहे. आता वर फक्त छत होतं.

पण पेंटरसाहेबांकडे उंच माणसांचं काहीतरी गुपित भांडार असावं. ईडी गेला आणि डॅनियल जेकबसन नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा आला, तोही सात फूट चार इंच! त्याची उंची वाचून आमच्या घरी गोड झालं. चार नोव्हेंबरला टेक्सास ए अँड एम कॉर्पस क्रिस्टीविरुद्ध पहिला सामना ९०-७३ असा जिंकलो. मी रात्रीच वहीत लिहून ठेवलं, ‘डॅ. जे. – उत्तम. हात मऊ. मार्चपर्यंत तयार.’ हो, माझी वही असते. मी कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते आणि दिवसभर लोकांना बजावत असते, की पाच नगांवरून हजाराच्या लॉटबद्दल बोलू नका, नमुना पुरेसा घ्या. संध्याकाळी सोफ्यावर बसले, की एका पोराच्या मोजक्या मिनिटांवरून मी त्याचं करिअर ठरवते. नवरा म्हणतो, “नमुना?” मी म्हणते, “गप्प बस.”

चार दिवसांनी नॉर्दर्न केंटकीविरुद्ध सामना सुरू होतो न होतो तोच जेकबसन पडला. नडगीचं हाड मोडलं. आमच्या घरच्या मैदानात, मॅकी अरीनात, चौदा हजारांहून जास्त माणसं मावतात आणि तिथला आवाज कानठळ्या बसवणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे. तिथं एकदम चिडीचूप झालं. आम्ही ७२-५० असे जिंकलो, म्हणजे बावीस गुणांनी, आणि बाहेर पार्किंगकडे चालताना कुणी एक अक्षर बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आईचा कोल्हापुरातून फोन आला. तिचा पहिला प्रश्न नेहमीचा, “तुझी पोरं जिंकली का गं?” मी जेकबसनचं सांगितलं. मला वाटलं ती उंचीबद्दल विचारेल, सगळे तेच विचारतात. ती म्हणाली, “त्याची आई हाय का तिथं जवळ?” मी वहीतलं ‘मार्चपर्यंत तयार’ खोडलं आणि त्या दिवशी दुसरं काही लिहिलं नाही.

आता राहिली ती घरची तिघं. ब्रेडन स्मिथ वेस्टफील्डचा, फ्लेचर लॉयर फोर्ट वेनचा, ट्रे कॉफमन-रेन सेलर्सबर्गचा. तिघंही इंडियानातलेच. हल्ली खेळाडू दर वर्षी ट्रान्स्फर पोर्टलमध्ये नाव टाकून जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठात जातात. हे तिघं राहिले. म्हणून आम्ही त्यांच्यावर जास्त प्रेम करतो आणि त्याच हक्कानं जास्त बोलतो.

स्मिथबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझा अर्धा नोव्हेंबर त्याच्याच हातात गेला. पोरगा जेमतेम सहा फूट. या खेळात म्हणजे बसलेलाच. सहकाऱ्याच्या आडोशानं वळतो आणि अंगावर आलेल्या डिफेंडरला पाठीवर अडकवून ठेवतो. मग घाईच करत नाही! चेंडू टप-टप-टप, घड्याळात तीसवरून सुरू झालेले सेकंद बारा, अकरा, दहा... मी सोफ्याच्या कडेला आलेली असते. समोरचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ उभा असलेला उंच गडी, पुढे यावं की मागे राहावं या विचारात अर्धं पाऊल उचलतो, आणि त्या अर्ध्या पावलाखालून चेंडू निघून जातो. कॉफमन-रेनच्या हातात. तो खांद्यानं जागा करतो, एका हातानं अलगद टाकतो, दोन गुण. हे जमलं की जगात याच्यासारखं काही नाही. नाही जमलं, की तोच चेंडू समोरच्याच्या हातात पडतो आणि तो एकटा पळत जाऊन बास्केट करतो. काका याला टर्नओव्हर म्हणत नाहीत, ‘दान’ म्हणतात. दर सामन्यानंतर कुंपणाशी येऊन विचारतात, “आज किती दान केलं?”

लॉयर लांबून तीन गुणांचे नेम मारतो. दोन लागले की मी त्याला जावई करून घ्यायला तयार असते (मुलगी सहा वर्षांची आहे), चार चुकले की त्याच्या कोपराचा कोन बघते. कॅमडेन हाइडची गोष्ट आणखी वाईट. त्यानं एप्रिलच्या अंतिम सामन्यात रिंगणावरून उसळलेला चेंडू हवेतच पकडून असा काही आत दणकवला होता, की तो क्षण आम्ही उन्हाळाभर मोबाइलवर पाहत राहिलो. त्यानंतर त्याला बिचाऱ्याला रोज तेच करणं भाग होतं. त्यानं साधा पास दिला तरी मागच्या रांगेतून उसासा ऐकू यायचा. सी. जे. कॉक्स हा पहिल्या वर्षाचा पोरगा त्या मानानं सुखी. त्याच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यानं काहीही केलं की लोक खूश.

पहिल्या वर्षाच्या पोरांबद्दल माझं ठाम मत आहे, की जानेवारीपर्यंत त्यांच्याविषयी ब्र काढू नये. हे मत मी नोव्हेंबरभर मोठ्या आवाजात सर्वांना ऐकवते.

अकरा नोव्हेंबरला येल आलं. नुसतं नाव ऐकून नवरा म्हणाला, “येल म्हणजे वकील होणारी पोरं ना?” म्हटलं, याच वकिलांनी मार्चमध्ये ऑबर्नला घरी पाठवलंय. हल्ली एक सामना एका ॲपवर, दुसरा दुसऱ्याच ॲपवर, तर तिसरा टीव्हीवर असतो. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि प्रत्येक पासवर्ड नवऱ्याच्या डोक्यात. म्हणजे खेळात रस नाही त्याच्याकडे किल्ल्या. तो शांतपणे विचारतो, “मोठं अक्षर पहिलं होतं की शेवटचं?” तोवर इकडे सहा गुण झालेले असतात. जिंकलो, ९२-८४. चौऱ्याऐंशी! बचाव कुठं आहे? रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू, कोण घेणार? काका कुंपणाशी आले, दोन्ही हात वर करून छताकडे पाहावं तसं आभाळाकडे पाहिलं, आणि परत गेले.

मग पंधरा नोव्हेंबर. अलाबामा मॅकीत आलं, देशात दुसऱ्या क्रमांकाचा संघ. इथं चेक देऊन बोलावण्याचा प्रकार नव्हता, हे खरे पैलवान. आणि आमची पोरं काय खेळली! ८७-७८. स्मिथ, कॉफमन-रेन, सगळे. मी पॉपकॉर्नसकट उभी राहिले, पॉपकॉर्न पुढच्या रांगेत पडलं, पुढच्या रांगेतला माणूस वळला आणि त्यानं मला मिठी मारली. त्या रात्री मी एकही ‘पण’ काढला नाही. नवऱ्यानं झोपताना कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, ते बघितलं.

सोमवारी क्रमवारी आली, तेराव्यावरून थेट सहावे. क्रमवारी बघितली आणि पोटात गोळा आला. वर चढलं की पडायला जागा वाढते. मंगळवारी मिलवॉकीत मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या संघानं ७६-५८ असं धुतलं. कॅम जोन्स नावाच्या त्यांच्या गार्डनं गुण, रिबाउंड आणि असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास) तिन्हींत दोन आकडी मजल मारली. आमच्या तिघांपैकी कुणालाच जे जमलं नाही ते त्यानं केलं. ऑफिसात दुसऱ्या दिवशी कुणी माझ्याकडे नमुन्यांचे आकडे घेऊन आलं नाही.

शनिवारी मार्शलवर ८०-४५. पस्तीस गुणांनी. समोर होतं कोण? थँक्सगिव्हिंगला संघ सॅन दिएगोला गेला. टर्की आमच्याकडे होत नाही, मी मटणाचा पांढरा रस्सा केला होता आणि तो टीव्हीसमोर बसून खाल्ला. नॉर्थ कॅरोलिना स्टेटवर दहानं विजय, दुसऱ्या दिवशी ओल मिसवर ८०-७८. दोन गुणांनी! “जिंकलात ना शेवटी?” नवरा म्हणाला. शेवटच्या मिनिटात मी उशीचा एक कोपरा चावला होता, तो त्यानं नुकताच पाहिला होता.

पाच डिसेंबरला पेन स्टेटच्या घरी गेलो. त्यांचा संघ क्रमवारीतसुद्धा नव्हता. आमच्या पोरांनी चेंडू असा वाटला, जणू त्यासाठीच तिकडे गेली होती. ८१-७० असे हरलो. मी टीव्ही बंद केला तर फोन वाजला. काका होते. महिन्याभरात एवढा प्रसन्न आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

“दान!” ते म्हणाले. “मी सांगत होतो की नाही?”