मोठ्या रिमने बेअरिंग वाचत नाही

‘बोटीच्या ट्रेलरला तेरा इंचीऐवजी पंधरा इंची अलॉय रिम टाका, बेअरिंग खाऱ्या पाण्याबाहेर राहील आणि ट्रेलर जास्त वजन पेलेल,’ असा निरोप मालवण-देवगडकडच्या बोटवाल्यांत फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

तेरा इंची रिमच्या १६५/८० आर १३ टायरची उंची सुमारे ५९४ मिमी, पंधरा इंचीच्या २०५/७० आर १५ची ६६८. म्हणजे अ‍ॅक्सल (चाकं जोडणारा दांडा) फरकाच्या निम्मा, ३७ मिमी वर जातो, पण त्याच्यासोबत बोटही तेवढीच वर जाते. मग ती तरंगायला ट्रेलर उतारावर आणखी खोल ढकलावा लागतो आणि हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) पूर्वीइतकाच बुडतो. शिवाय बोट उंच बसल्याने घाटातल्या वळणांवर झोल वाढतो.

वजनाचं म्हणाल तर अ‍ॅक्सल, स्प्रिंग, हब तेच राहतात. टायरवर वजनाचा आकडा (लोड इंडेक्स) ९१ असेल तर तो टायर ६१५ किलो पेलतो, पण अ‍ॅक्सलची क्षमता त्याने वाढत नाही. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती हबवर टेकते तिथपर्यंतचं अंतर) चुकून चाक बाहेर आलं तर बेअरिंगवर ताण उलट वाढतो. मडगार्डला टायर घासतो तो वेगळाच.

बेअरिंग खरं मरतं ते तापलेला हब थेट पाण्यात घातल्याने. आतली हवा आकसते आणि सील (पाणी अडवणारी रबरी कडी) झिजलेलं असेल तर खारं पाणी आत ओढलं जातं. धक्क्यावर पोचल्यावर हब हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग उतरवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, मरीन ग्रीस भरा. रिम बदलायचीच असेल, तर आधी नटांचं अंतर मोजा. अलॉय घेतलीत तर लोखंडी नटांपाशी खाऱ्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, तिथे नजर ठेवा.